सोलापूरच्या घरातील पिण्याचे पाणी कसे पारखावे

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, आणि इथल्या पिण्याच्या पाण्याचा विचार याच एका गोष्टीपासून सुरू करावा लागतो. गेली कित्येक वर्षे शहराच्या बहुतेक भागांत तीन, चार, कधी पाच दिवसांआड पाणी सुटते. त्यामुळे आपण सकाळी जो पेला तोंडाला लावतो, त्यातले पाणी शुद्धीकरण केंद्रातून निघून बरेच तास किंवा बरेच दिवस झालेले असतात. मधल्या काळात ते रिकाम्या पडलेल्या नळवाहिनीतून, हौदातून, गच्चीवरच्या टाकीतून आणि रांजणातून गेलेले असते. केंद्रातून बाहेर पडताना पाणी चांगले होते की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण माझ्या अनुभवात सोलापूरकराचे पाणी बिघडते ते बहुतेक वेळा शेवटच्या टप्प्यात, म्हणजे आपल्या गल्लीत आणि आपल्या घरात. म्हणून पाणी एकदाच तपासून निश्चिंत होऊ नये. नळ आल्यावर, टाकीत साठल्यावर आणि प्यायच्या भांड्यात अशा तीन ठिकाणी ते पारखावे.

आपले पाणी येते कुठून

शहराला पाणी मुख्यतः तीन ठिकाणांहून मिळते. माढा तालुक्यातल्या उजनी धरणातून सुमारे १०० किलोमीटरच्या जलवाहिनीने येणारे पाणी पाकणीच्या केंद्रात शुद्ध होते. उजनीतूनच भीमेच्या पात्रात सोडलेले पाणी पंढरपूरवरून वाहत औज बंधाऱ्यापर्यंत येते, टाकळीला उचलले जाते आणि सोरेगावला शुद्ध होते. तिसरा स्रोत हिप्परग्याचा एकरुख तलाव. त्याचे पाणी भवानी पेठेतील केंद्रात येते. आपल्या भागाला यांपैकी कोणते पाणी मिळते, हे झोन कार्यालयात किंवा चावी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला विचारून ठेवावे, कारण पाण्याची चव, वास आणि रंग बदलला की त्याचे कारण बऱ्याचदा स्रोतात सापडते.

उजनीत पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसराचे सांडपाणी भीमेच्या उपनद्यांमधून येऊन मिळते. त्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर शेवाळ पोसते, म्हणून धरणाचे पाणी अनेकदा हिरवट दिसते. उन्हाळ्यात धरण उणे पातळीत, म्हणजे मृतसाठ्यात गेले, की उरलेल्या पाण्यात हे सारे अधिक दाट होते. मे महिन्यात नळाच्या पाण्याला ओल्या मातीसारखा किंवा कुबट वास येतो, तो बहुधा शेवाळामुळे तयार होणाऱ्या पदार्थांचा असतो. असा वास अत्यल्प प्रमाणातही जाणवतो आणि केवळ त्यावरून पाणी विषारी ठरत नाही. गटाराचा किंवा सडक्या अंड्याचा वास मात्र पूर्ण वेगळा असतो. तो आला तर ते पाणी पिण्यासाठी भरूच नये.

नळ आल्यानंतरची पहिली दहा मिनिटे

दोन पाण्यांच्या मधल्या दिवसांत जमिनीखालची वाहिनी रिकामी असते आणि तिच्यात दाब नसतो. वाहिनीला कुठे चीर असेल, सांधा सैल असेल आणि शेजारून गटार वाहत असेल, तर बाहेरची घाण त्या चिरेतून आत झिरपते. पुढच्या वेळी पाणी सुटले की तीच घाण सगळ्यात आधी आपल्या नळातून बाहेर पडते. नळाला थेट मोटर जोडल्याने हा धोका वाढतो, कारण मोटर पाण्याबरोबर चिरेतली घाणही ओढून घेते. आपली टाकी लवकर भरते, पण शेजाऱ्याच्या आणि आपल्याही पाण्यात गटार मिसळण्याची सोय होते. मोटर लावायचीच असेल तर नळाचे पाणी आपल्या दाबाने हौदात पडू द्यावे आणि हौदातून गच्चीवर चढवावे.

यासाठी एक साधी पद्धत सांगतो. पारदर्शक काचेचे तीन पेले घ्यावेत. पहिला नळ येताक्षणी भरावा, दुसरा पाच मिनिटांनी, तिसरा दहा मिनिटांनी. तिन्ही पेले पांढऱ्या कागदासमोर ठेवून उजेडात पाहावेत, मग नाकाजवळ नेऊन वास घ्यावा. पहिला पेला लालसर असेल तर बहुधा जुन्या लोखंडी पाइपचा गंज आहे. राखाडी किंवा काळसर असेल आणि तळाशी मऊ गाळ बसत असेल, तर गटाराचा संशय घ्यावा. दुधासारखे पांढरे पाणी खालून वर निवळत गेले तर ती केवळ हवा असते. वरून खाली निवळले तर गाळ किंवा चुना असतो. पहिल्या दहा मिनिटांचे पाणी पिण्यासाठी घेऊ नये, पण ते फेकूही नये. ते फरशी पुसायला, संडासात टाकायला उपयोगी पडते, आणि आपल्या शहरात पाणी ओतून देणे कोणालाच परवडणारे नाही.

हे मी करू लागलो त्याला कारण घडले. एका पावसाळ्यात आमच्या नळाचा पहिला पेला पातळ चहासारखा आला, त्यात दोऱ्यासारखे काळे कण तरंगत होते. तिसरा पेला मात्र स्वच्छ होता, इतका स्वच्छ की घरातल्यांनी तोच रांजणात ओतायचे ठरवले होते. त्या स्वच्छ पेल्यात मी क्लोरीन तपासले, तेव्हा क्लोरीनचा अंशही उरलेला नव्हता. बोळातल्या गटारातून गेलेला एक जुना पाइप गंजून फुटला होता, हे चार दिवसांनी खोदल्यावर कळले. डोळ्यांना निर्मळ दिसणारे पाणी निर्धोक असतेच असे नाही, हे त्या तिसऱ्या पेल्याने मला शिकवले.

क्लोरीन उरला आहे का

शुद्धीकरण केंद्रात पाण्यात क्लोरीन घालतात तो केवळ तिथले जंतू मारण्यासाठी नसतो. वाटेत घाण मिसळलीच तर तिचा समाचार घेण्यासाठी थोडा क्लोरीन शिल्लक राहावा, असाही हेतू असतो. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाला दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेला असावा. तो उरला नसेल तर दोनच शक्यता राहतात: तो मुळात कमी घातला गेला, किंवा वाटेत कशाशी तरी लढून संपला. दोन्ही गोष्टी सावध होण्यासारख्या आहेत.

ही तपासणी घरी करता येते. ग्रामपंचायतीतले जलसुरक्षक जिला ‘ओटी टेस्ट’ म्हणतात, तिचा लहान संच रसायने विकणाऱ्या दुकानात मिळतो. छोट्या नळीत पाणी घेऊन ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पाणी पिवळे होते. जितका पिवळा रंग गडद, तितका क्लोरीन जास्त. रंग आलाच नाही तर क्लोरीन नाही. रंग लगेच, संचासोबतच्या पट्टीशी जुळवून पाहावा. वेळ गेला की रंग बदलतो आणि वाचन चुकते. हे रसायन विषारी असल्याने तपासलेले पाणी ओतून द्यावे, हात धुवावेत आणि बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये. गुलाबी रंग देणारा डीपीडी गोळ्यांचा संच मिळाला तर तो अधिक चांगला.

माझा आग्रह असा, की एकाच दिवशी तीन नळ्या भरून पाहाव्यात: एक थेट नळाची, एक गच्चीवरच्या टाकीची आणि एक प्यायच्या भांड्याची. बऱ्याच घरांत पहिली नळी पिवळी येते, दुसरी फिकट आणि तिसरी कोरी. उन्हाने तापलेल्या टाकीत क्लोरीन लवकर उडतो, आणि सोलापूरचे ऊन कसे असते हे वेगळे सांगायला नको.

टीडीएसचा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही

घरोघरी पाण्याची परीक्षा आज एका लहानशा मीटरवर होते. तो मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते हे मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या एकूण क्षारांचा, म्हणजेच टीडीएसचा, अंदाज देतो. मानकानुसार दर लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतचा टीडीएस चांगला समजतात. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. आकडा उपयोगी आहे, पण त्याला जंतू दिसत नाहीत. गटार मिसळलेल्या पाण्याचा टीडीएस ३५० येऊ शकतो आणि निर्धोक पाण्याचा ७०० येऊ शकतो. एकूण क्षारांत नायट्रेट किती, फ्लोराइड किती, हेही तो सांगत नाही.

आमच्या इमारतीत एकदा आरओ यंत्र विकणारा आला. त्याने दोन पेल्यांत, एकात नळाचे आणि दुसऱ्यात आरओचे पाणी घेऊन, विजेवर चालणाऱ्या कांड्या बुडवल्या. मिनिटाभरात नळाचे पाणी तपकिरी, शेवाळी, पाहवणार नाही असे झाले. आरओचे जसेच्या तसे राहिले. समोरच्या आजी घाबरून गेल्या. प्रत्यक्षात त्या कांड्यांतले लोखंड क्षारयुक्त पाण्यात वीज वाहिल्याने झिजते आणि त्याचाच गाळ पेल्यात दिसतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्याने वीज वाहत नाही, म्हणून काही घडत नाही. त्याच आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा कांड्या बुडवल्या तर तेही तपकिरी होते. असा प्रयोग दाखवायला कोणी आले तर मीठ हाताशी ठेवावे.

आरओची गरज खरोखर कुठे आहे, हे आधी ठरवावे. टीडीएस ५०० च्या खाली असेल तर आरओ लावण्याचे सहसा कारण नसते; राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये अशा पाण्यासाठी आरओच्या वापरावर बंदी घालण्याचा निर्देश दिला होता. घरगुती यंत्र एक लिटर पाणी देताना बहुधा दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकते, आणि पाच दिवसांआड नळ येणाऱ्या घरात हा विचार केलाच पाहिजे. नळाच्या पाण्याला साधा गाळक आणि अतिनील किरणांचे यंत्र किंवा उकळणे पुरते. बोअरचे खारे पाणी प्यावे लागत असेल तर मात्र आरओला पर्याय उरत नाही.

बोअरचे पाणी

हद्दवाढ भागात आणि शहराभोवतीच्या नव्या वसाहतींत बोअरवर दिवस काढणारी घरे पुष्कळ आहेत. आपल्याकडे जमिनीखाली काळा पाषाण आहे आणि पाऊस कमी, त्यामुळे भूजल बऱ्याच ठिकाणी जड किंवा मचूळ लागते. त्याची ओळख स्वयंपाकघरातच पटते. तुरीची डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊनही शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहाच्या पातेल्याला पांढरे पुट चढते. मानकात एकूण कठीणपणा २०० पर्यंत चांगला आणि नाइलाज असल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालेल असे म्हटले आहे. कठीण पाणी गैरसोयीचे असते. त्या मानाने आजार देणारे फारसे नसते.

चिंता करावी ती नायट्रेटची. शोषखड्डे, उघडी गटारे, उकिरडे आणि खतांचा मारा असलेली शेते जवळ असली की नायट्रेट भूजलात उतरते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. दर लिटरला ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा असून नाइलाज म्हणूनही तीत सवलत दिलेली नाही. सहा महिन्यांखालच्या बाळाला अशा पाण्यात पावडरचे दूध कालवून दिले तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते आणि बाळ निळसर पडू लागते. इथे एक गैरसमज फार धोकादायक आहे: पाणी उकळले की सगळे दोष जातात, असा. उकळल्याने जंतू मरतात, पण वाफ निघून गेल्याने उरलेल्या पाण्यात नायट्रेट उलट अधिक दाट होते. घरात तान्हे बाळ असेल आणि पाणी बोअरचे असेल, तर नायट्रेटची तपासणी करून घेतल्याशिवाय ते पाणी बाळाला देऊ नये.

प्रयोगशाळेत नमुना कसा द्यावा

घरच्या परीक्षेने संशय आला, नवा बोअर घेतला, किंवा घरात वारंवार पोट बिघडू लागले, तर प्रयोगशाळेत जावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत नागरिकांना शुल्क भरून पाणी तपासून घेता येते. रासायनिक आणि जैविक या दोन तपासण्या वेगळ्या असतात आणि त्यांचे नमुने वेगळे घ्यावे लागतात. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लास्टिकचा डबा त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावा. जैविक तपासणीसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी आणि ती विसळू नये, कारण क्लोरीनचा प्रभाव थांबवणारे औषध तिच्यात आधीच घातलेले असते. नळाचे तोंड पुसून ज्योतीने शेकावे, दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्यावे, बाटलीच्या आतल्या भागाला आणि बुचाला बोट लागू न देता भरावे, वर थोडी जागा सोडावी. बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवावी. नळ पहाटे येत असेल तर बाटली आदल्या दिवशीच आणून ठेवली पाहिजे.

अहवाल हाती आला की पहिली नजर ई-कोलायच्या ओळीवर टाकावी. १०० मिलिलिटर पाण्यात हा जंतू एकही आढळता कामा नये. तो विष्ठेतून येतो, म्हणून एक सापडला तरी पाण्यात मैला मिसळला आहे असाच अर्थ होतो. त्यानंतर नायट्रेट, मग फ्लोराइड (दर लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चांगले, १.५ ही कमाल), मग गढूळपणा (१ पर्यंत चांगला, ५ एनटीयूपर्यंत चालवून घेतात; एनटीयू हे गढूळपणाचे एकक), आणि शेवटी टीडीएस, कठीणपणा व सामू (पीएच). सामू ६.५ ते ८.५ च्या दरम्यान असावा.

साठवलेल्या पाण्याची काळजी

हौद किंवा टाकी निदान तीन महिन्यांतून एकदा रिकामी करून घासावी. हौदात उतरण्याआधी झाकण बराच वेळ उघडे ठेवावे आणि एकट्याने उतरू नये. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरने धुताना त्यात ॲसिड कधीही मिसळू नये. त्यातून निघणारा वायू जिवावर बेततो.

पिण्याच्या पाण्यात क्लोरीन उरला नसेल तर तो घरी घालता येतो. ग्रामीण भागात १००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल हे प्रमाण वापरतात. हौदातल्या पाण्याची लांबी, रुंदी आणि खोली मीटरमध्ये गुणून १००० ने गुणले की लिटर मिळतात. समजा हौद २ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि पाणी १ मीटर खोल आहे, तर ते ३००० लिटर झाले आणि त्याला १५ ग्रॅम पावडर लागेल. ती बादलीभर पाण्यात कालवावी, चुना तळाशी बसू द्यावा आणि वरची निवळीच हौदात ओतावी. अर्धा तास थांबून ओटी टेस्ट करावी. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्यावे, कारण गाळात लपलेल्या जंतूंपर्यंत क्लोरीन पोचत नाही. तुरटी एकटी जंतू मारत नाही, हेही लक्षात असू द्यावे. पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात ठेवावी. तिचा उग्र वास गेला असेल तर तिचा जोरही गेला असे समजावे.

घरी क्लोरीन घालणे जमत नसेल तर पिण्यापुरते पाणी उकळावे. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे, आणि त्याच भांड्यात झाकून गार करावे. रांजणात हात बुडवून तांब्या भरण्याची सवय मात्र सोडावीच लागेल. तोटी असलेले भांडे घ्यावे किंवा लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे, आणि ते ओगराळे ओट्यावर न ठेवता टांगावे. बाहेरून येणारा थंड पाण्याचा जार सीलबंद नसेल आणि त्यावर परवान्याचा क्रमांक नसेल, तर त्यात कुठल्या बोअरचे पाणी आहे हे कळण्याचा मार्ग नसतो. ते थंड आहे एवढेच आपल्याला कळते.

साठवणीचा दुसरा धोका डेंग्यूच्या डासाचा. त्याची मादी भांड्याच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या रेषेच्या थोडे वर अंडी चिकटवते आणि ती कोरडी असतानाही महिनोन्‌महिने टिकतात. नुसते पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत. आठवड्यातून एकदा भिंती घासाव्या लागतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्याचा नेम चुकला नाही तर पिढी तयार होत नाही. ‘शिळे’ म्हणून पिण्याचे पाणी गटारात ओतू नये. भांडे घासायच्या दिवशी उरलेले पाणी कपड्यांना वापरावे.

तक्रार कशी करावी

पाणी खराब येत असेल तर ‘पाणी घाण येते’ एवढ्या तक्रारीवर पाइप कुठे फुटला हे शोधता येत नाही. नळ कोणत्या तारखेला, किती वाजता आला, घाण पाणी किती मिनिटे आले, रंग आणि वास कसा होता, क्लोरीन होता की नव्हता, आणि बोळातल्या आणखी कोणकोणत्या घरांत तसेच पाणी आले, हे लिहून द्यावे. वरच्या अंगाच्या घरात पाणी चांगले आणि खालच्या अंगाच्या घरात खराब असेल, तर फूट त्या दोन घरांच्या मध्ये आहे. एवढ्या माहितीवर खोदाईची जागा निम्म्याने कमी होते. तक्रार झोन कार्यालयात लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

बोळात एकाच वेळी दोन-तीन घरांत जुलाब सुरू झाले तर अहवालाची वाट न पाहता सगळ्यांनी पाणी उकळून प्यावे आणि महापालिकेच्या दवाखान्यात कळवावे. काविळीचा माग काढताना वेगळा हिशेब लागतो, कारण पाण्यातून पसरणारी कावीळ दूषित पाणी प्यायल्यानंतर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी दिसते. आजचा नमुना चांगला आला म्हणून पाणी निर्दोष ठरत नाही. महिन्याभरापूर्वी बोळात खोदाई झाली होती का, त्या दिवसांत पहिला पेला कसा येत होता, हे आठवावे लागते. घरात गर्भवती बाई असेल तर ही चौकशी त्याच दिवशी करावी, कारण पाण्यातून येणाऱ्या ई प्रकारच्या काविळीने तिच्या जिवाला धोका असतो. आमच्या घरी नळाशेजारी खिळ्याला एक कॅलेंडर टांगलेले आहे, आणि नळ येईल त्या तारखेच्या चौकोनात पेल्याचा रंग आणि ओटीचा रंग असे दोनच शब्द लिहिलेले असतात.